मीठ विरघळले, आयन किती? : वाचकांचे प्रश्न

क्षार पाण्यात विरघळल्यावर त्यातल्या प्रत्येक आयनाची (प्रभार असलेल्या कणाची) संहती, म्हणजे लिटरमागे किती मोल (मोलर) ते, कशी काढायची, याविषयी मुंबईच्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आकडेमोड मुद्दाम पूर्ण दिली आहे. वाचताना कागद-पेन जवळ असू द्यावे.

प्रश्न : दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. आता सायन्सला सगळे इंग्रजीतून आहे आणि इथे गोंधळ होतो. ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोराइडची संहती ०.२ मोलर कशी? पाण्यात टाकले ते तेवढेच ना? मग कॅल्शियम आणि क्लोराइडची बेरीज ०.३ कुठून झाली?
— अकरावीची विद्यार्थिनी, दादर

उत्तर : टाकले ते तेवढेच आहे. वजन वाढलेले नाही, कणांची संख्या वाढली आहे. हे एकदा ग्रॅममध्ये करून बघ. एक लिटर ०.१ मोलर द्रावणात ११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असते. त्यात कॅल्शियम ४.० ग्रॅम आणि क्लोरीन ७.१ ग्रॅम. विरघळल्यावरही ४.० आणि ७.१ मिळून ११.१ ग्रॅमच. मोल मात्र वजन मोजत नाही, नग मोजतो. कॅल्शियम क्लोराइडच्या एका सूत्र-एककातून एक कॅल्शियम आयन आणि दोन क्लोराइड आयन सुटतात. म्हणून ०.१ मोल एककांतून ०.१ मोल कॅल्शियम आयन आणि ०.२ मोल क्लोराइड आयन.

क्रम पक्का ठेव : आधी ग्रॅमचे मोल, मग मोलचे आयन, आणि लिटरने भागाकार सगळ्यात शेवटी. भागाकार आधी उरकला की दोन द्रावणे मिसळायच्या गणितात हमखास घोळ होतो.

मुलांच्या वह्यांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सूत्रात क्लोरीनखाली दोन आहे म्हणून काही जण द्रावणात क्लोरीनचा रेणू सुटतो असे लिहितात. तसे होत नाही, दोन सुटे क्लोराइड आयन होतात. दुसरी चूक, आयनावरच्या प्रभाराने गुणणे : कॅल्शियमवर दोन धनप्रभार म्हणून कॅल्शियम ०.२ मोलर! गुणायचे ते सूत्रातल्या संख्येने, प्रभाराने नाही. तिसरी चूक बहुअणू आयन फोडण्याची. सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, अमोनियम हे आयन पाण्यात आपापले अखंड राहतात. ०.१ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये अमोनियम ०.२ आणि सल्फेट ०.१ मोलर, बस्स. गंधक आणि ऑक्सिजन वेगळे मोजायचे नाहीत.

उत्तर आले की ताळा कर. प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याचा प्रभार. धन बाजूची बेरीज आणि ऋण बाजूची बेरीज सारखी यायलाच हवी, कारण द्रावणावर एकूण प्रभार शून्य असतो. ०.१ मोलर अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घे : अ‍ॅल्युमिनियम ०.२, त्यावर तीन प्रभार, म्हणजे ०.६. सल्फेट ०.३, त्यावर दोन, म्हणजे ०.६. जुळले. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि परीक्षेतले बरेच गुण वाचवतो.

प्रश्न : आम्ही दर वर्षी एका लिटरला ११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घेऊन ०.१ मोलर द्रावण करतो. यंदा प्रिन्सेस स्ट्रीटवरून नवी बाटली आणली. या द्रावणाच्या १० मिलिला ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट २० मिलि लागायला हवे, लागते १५.१ मिलि. सिल्व्हर नायट्रेट सोडियम क्लोराइडवर तपासून घेतले, ते ठीक आहे. बाटली भेसळीची समजावी का?
— कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा साहाय्यक, घाटकोपर

उत्तर : भेसळ नाही. बाटलीचे लेबल पुन्हा वाचा, त्यावर ‘डायहायड्रेट’ लिहिलेले असणार. कॅल्शियम क्लोराइड निर्जल मिळते तसे प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू असलेलेही मिळते. निर्जल क्षाराचे मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅममधले वजन) १११.०, डायहायड्रेटचे १४७.०. तुम्ही ११.१ ग्रॅम डायहायड्रेट घेतले, म्हणजे ११.१ ÷ १४७.० = ०.०७५५ मोल. क्लोराइड त्याच्या दुप्पट, ०.१५१ मोलर. १० मिलित १.५१ मिलिमोल, त्याला ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट बरोबर १५.१ मिलि. तुमचे अनुमापन (सिल्व्हर नायट्रेट किती लागते त्यावरून क्लोराइड मोजणे) उत्तम झाले आहे, चूक वजनाच्या आकड्यात आहे. या बाटलीतून एका लिटरला १४.७० ग्रॅम घ्या. स्फटिकजल द्रावणात मिसळून जाते. ते वेगळे वजा करायची गरज नाही, कारण आपण शेवटी खुणेपर्यंतच पाणी भरतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल, ती म्हणजे मुंबईची हवा. पावसाळ्यात इथे साध्या मिठाला पाणी सुटते. सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरायला लागते. कॅल्शियम क्लोराइड त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत पाणी ओढते, म्हणून तर निर्जल कॅल्शियम क्लोराइड डेसिकेटरच्या (पदार्थ कोरडे ठेवायच्या बंद भांड्याच्या) तळाला घालतात. जुलैमध्ये ते घड्याळकाचेवर घेऊन बॅलन्सवर ठेवा आणि आकड्याकडे बघत राहा. शेवटचा दशांश स्थिरावतच नाही, सावकाश चढत राहतो. ते चढणारे वजन हवेतल्या पाण्याचे असते. बाटलीत गठ्ठे झाले असतील तर त्या क्षाराच्या वजनावर विसंबून केलेल्या कोणत्याही द्रावणाची संहती सांगता येणार नाही.

अशा क्षाराचे द्रावण थोडे जास्त तीव्र करावे, अनुमापनाने त्याची खरी संहती काढावी आणि मग पाणी घालून हवे तिथे आणावे. समजा, संहती ०.१०८ मोलर निघाली. ०.१०० मोलरचे एक लिटर करायला या द्रावणाचे ९२६ मिलि घेऊन एक लिटरच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरायचे. सोडियम क्लोराइडचे तसे नाही. ते ११० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवून डेसिकेटरमध्ये थंड केले की वजनावर विश्वास ठेवता येतो.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना बरीच उष्णता निघते. फ्लास्क कोमट असताना खुणेपर्यंत पाणी भरले तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते, म्हणजे प्रत्यक्षात पाणी कमी पडलेले असते आणि द्रावण तीव्र होते. आधी चंचुपात्रात विरघळवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फ्लास्कमध्ये ओता, आणि चंचुपात्र दोन-तीनदा खळबळून तेही पाणी फ्लास्कमध्ये घाला. फ्लास्क किती तापमानाला प्रमाणित केला आहे ते त्याच्यावरच छापलेले असते. आपल्याकडे २० अंशांचे मिळतात तसे २७ अंशांचेही.

प्रश्न : ०.२ मोलर सोडियम सल्फेट ५० मिलि आणि ०.१ मोलर सोडियम क्लोराइड १५० मिलि मिसळले तर सोडियम किती? मी ०.४ आणि ०.१ ची सरासरी ०.२५ काढली, ती चूक ठरवली. आणि मिसळल्यावर साका बसला तर गणित कसे करायचे?
— बारावीचा विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : दोन्हींचे आकारमान सारखे असते तर सरासरी चालली असती. इथे मिलिमोल मोजायचे. मिलि गुणिले मोलर केले की थेट मिलिमोल मिळतात. पहिल्यातून सोडियम ५० × ०.२ × २ = २० मिलिमोल, दुसऱ्यातून १५० × ०.१ = १५. एकूण ३५, भागिले एकूण आकारमान २०० मिलि = ०.१७५ मोलर. सल्फेट १० ÷ २०० = ०.०५, क्लोराइड १५ ÷ २०० = ०.०७५. ताळा : धन ०.१७५, ऋण (०.०५ × २) + ०.०७५ = ०.१७५.

साका बसत असेल तर आधी बसणारी जोडी बाजूला काढायची आणि उरलेल्यांना भागायचे. उदाहरणार्थ, ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट १०० मिलि आणि ०.०८ मोलर कॅल्शियम क्लोराइड १०० मिलि. चांदीचे आयन १० मिलिमोल, नायट्रेट १०, कॅल्शियम ८, क्लोराइड १६. चांदी आणि क्लोराइड एकास एक बसतात, म्हणून १० मिलिमोल सिल्व्हर क्लोराइड, सुमारे १.४३ ग्रॅम, तळाला जाते. द्रावणात क्लोराइड ६ मिलिमोल, कॅल्शियम ८ आणि नायट्रेट १० उरतात. २०० ने भागल्यावर क्लोराइड ०.०३, कॅल्शियम ०.०४, नायट्रेट ०.०५ मोलर. ताळा : ०.०८ आणि ०.०८.

चांदी मात्र ‘शून्य’ लिहू नका. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (संतृप्त द्रावणातल्या चांदी आणि क्लोराइडच्या संहतींचा गुणाकार) २५ अंशांना १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात आहे. त्याला उरलेल्या क्लोराइडच्या ०.०३ ने भागले की चांदी येते ६ गुणिले दहाचा उणे नववा घात मोलर. नुसत्या शुद्ध पाण्यात सिल्व्हर क्लोराइड हलवले असते तर चांदी १.३ गुणिले दहाचा उणे पाचवा घात इतकी राहिली असती. जास्तीच्या क्लोराइडने ती दोन हजारपटीहून अधिक खाली ढकलली. समआयन परिणाम म्हणतात तो हाच. इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे विद्राव्यता गुणाकारात मिसळण्याआधीच्या संहती घालणे. मिसळताक्षणी दोन्ही द्रावणे एकमेकांना पातळ करतात, हे विसरू नये.

प्रश्न : ओआरएसच्या पुडीवर एका लिटरसाठी ग्रॅम दिलेले असतात : मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. खाली मिलिमोल दिलेले असतात : सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५. हे आकडे एकमेकांशी कसे जुळतात? आणि वस्तीतल्या काही आया लिटरची अर्धी पुडी एका ग्लासात घालतात. त्याने नेमके काय बिघडते?
— आरोग्यसेविका, गोवंडी

उत्तर : जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये स्वीकारलेले हे सूत्र आहे. त्याआधीच्या सूत्रात सोडियम ९० होते. आपण एकेक घटक घेऊ.

मीठ : २.६ ÷ ५८.४४ = ०.०४४५ मोल, म्हणजे ४४.५ मिलिमोल सोडियम आणि तितकेच क्लोराइड. पोटॅशियम क्लोराइड : १.५ ÷ ७४.५५, म्हणजे २०.१ मिलिमोल पोटॅशियम आणि तितकेच क्लोराइड. पुडीतले सायट्रेट डायहायड्रेट असते, मोलर वस्तुमान २९४.१. २.९ ÷ २९४.१ म्हणजे ९.९ मिलिमोल, आणि प्रत्येकामागे तीन सोडियम, म्हणजे २९.६. आता बेरजा. सोडियम ४४.५ + २९.६ = ७४.१, क्लोराइड ४४.५ + २०.१ = ६४.६, पोटॅशियम २०.१, सायट्रेट ९.९. छापलेले आकडे जवळपास हेच, पूर्णांकात. ताळाही बसतो : धन ७४.१ + २०.१ = ९४.२, ऋण ६४.६ आणि सायट्रेटचे तिप्पट २९.६, मिळून ९४.२. ग्लुकोजचे आयन होत नाहीत, त्याचे १३.५ ÷ १८०.२ म्हणजे ७५ मिलिमोल रेणू तसेच राहतात. प्रभाराच्या ताळ्यात ते येत नाहीत, कणांच्या बेरजेत येतात. सगळे मिळून २४५, तीच पुडीवरची ऑस्मोलॅरिटी.

आता ग्लास. लिटरच्या पुडीत ७५ मिलिमोल सोडियम आहे. अर्ध्या पुडीत ३७.५. ते २०० मिलि पाण्यात गेले की संहती ३७.५ ÷ ०.२ = १८७.५ मिलिमोल प्रति लिटर होते. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ असते. ऑस्मोलॅरिटी २४५ ऐवजी ६१२, रक्ताच्या दुपटीहून जास्त. असे तीव्र द्रावण आतड्यात गेले की पाणी आतून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात ओढले जाते. जुलाब वाढतात आणि लहान बाळाच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीला चढू शकते. ‘घट्ट केले तर ताकद जास्त’ ही समजूत इथे जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक आईला स्पष्ट सांगा. उलट दोन लिटरच्या बाटलीत एक पुडी घातली तर सोडियम ३७ वर येते, आणि जुलाबांतून गेलेल्या क्षारांची भर त्यातून निघत नाही.

पुडी अर्धी करूही नये. चार वेगवेगळ्या दाण्यांची पूड हातात एकसारखी वाटली जात नाही, आणि उघडलेली पुडी मुंबईच्या दमट हवेत तासाभरात चिकट होते. लिटरची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावी, २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. घरात लिटरचे माप नसेल तर पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली हे सर्वांत भरवशाचे माप. २०० मिलिच्या छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. दोन्ही प्रकार एकाच घरात देऊ नका, गल्लत तिथेच होते.

प्रश्न : ०.९ टक्के सलाइनमध्ये सोडियम १५४ का लिहितात?
— नर्सिंगची विद्यार्थिनी, परळ

उत्तर : १०० मिलित ०.९ ग्रॅम, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोल. सोडियम १५४, क्लोराइड १५४ मिलिमोल. बाटलीवर मिलिइक्विव्हॅलंट (मिलिमोल गुणिले प्रभार) लिहिले असेल तरी आकडा तोच, कारण दोघांवर एकेक प्रभार आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत मात्र मिलिइक्विव्हॅलंटचा आकडा मिलिमोलच्या दुप्पट असतो. तिथे एकक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की २० लिटरच्या बादलीत १ ग्रॅम तुरटी घालतो. पाण्यात किती अ‍ॅल्युमिनियम जाते?
— गृहनिर्माण सोसायटीचे सचिव, बोरिवली

उत्तर : तुरटीचे मोलर वस्तुमान ४७४.४, त्यात पाण्याचे बारा रेणू धरले आहेत. एक ग्रॅम म्हणजे २.११ मिलिमोल, २० लिटरमध्ये लिटरला ०.१०५ मिलिमोल. पोटॅशियम ०.१०५, सल्फेट ०.२११, आणि अ‍ॅल्युमिनियम ०.१०५ मिलिमोल, म्हणजे लिटरला २.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅल्युमिनियमची इष्ट मर्यादा ०.०३ आणि पर्यायी स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅम आहे. पण घाबरून जाऊ नका. पोटॅशियम आणि सल्फेट गणिताप्रमाणे द्रावणातच राहतात, अ‍ॅल्युमिनियम राहत नाही. पाण्यातल्या बायकार्बोनेटशी त्याची अभिक्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके होतात. गाळ पकडतात ते हेच पुंजके, आणि ते तळाला बसतात. म्हणून वरचे पाणी अलगद ओतून घ्यायचे, तळ ढवळायचा नाही.

या अभिक्रियेत एका अ‍ॅल्युमिनियममागे तीन बायकार्बोनेट खर्च होतात. मुंबईचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचे. त्यात खनिजे फारशी नसतात, बायकार्बोनेटचा साठा बेताचाच. तुरटी मुठीने घातली तर तो साठा संपतो, पाणी आम्लधर्मी होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाली बसायचे सोडून विरघळलेलेच राहते. तेव्हा प्रमाण वाढवू नका. तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. ते उकळावेच लागते.

प्रश्न : माझ्याकडे २०० लिटरची समुद्री मत्स्यटाकी आहे. टेस्ट किट कॅल्शियम ३८० पीपीएम दाखवते, ४२० वर न्यायचे आहे. कॅल्शियम क्लोराइड किती घालू?
— वाचक, मुलुंड

उत्तर : आधी पाणी किती आहे ते ठरवा. दगड आणि वाळू धरून २०० लिटरच्या टाकीत १६५ लिटरच पाणी असू शकते. पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे मिलिग्रॅम. वाढ ४० मिलिग्रॅम प्रति लिटर × १६५ = ६६०० मिलिग्रॅम, म्हणजे ६.६ ग्रॅम कॅल्शियम. ६.६ ÷ ४०.०८ = ०.१६५ मोल, गुणिले १४७.० = २४.२ ग्रॅम डायहायड्रेट. त्याबरोबर क्लोराइडही लिटरला सुमारे ७१ मिलिग्रॅम वाढेल, पण समुद्राच्या पाण्यात ते १९ हजारांहून अधिक असते, तेव्हा चिंता नको.

किट ‘कॅल्शियम म्हणून’ दाखवते की ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’, हे तपासा. ४२० चे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत १०४९ होतात. २४ ग्रॅम क्षार लिटरभर आरओ पाण्यात वेगळा विरघळवून, गार करून, दोन-तीन दिवसांत विभागून जोरदार प्रवाहाच्या जागी थेंबथेंब सोडा. क्षारता वाढवणारे बायकार्बोनेट त्याच वेळी घालू नका, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या धुरळ्यासारखे बाहेर पडते आणि घातलेले दोन्ही वाया जाते.

प्रश्न : ०.१ मोलल (एक किलो पाण्यात ०.१ मोल) मॅग्नेशियम सल्फेटच्या गोठणबिंदूची घसरण दोन आयन धरून ०.३७ अंश यायला हवी. आम्हाला ०.२२ मिळाली. प्रयोग फसला का?
— बीएस्सीचा विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : नाही, तुमचे वाचन चांगले आहे. या संहतीला मॅग्नेशियम सल्फेटसाठी व्हान्ट हॉफ गुणक (एका एककामागे प्रत्यक्षात किती कणांइतका परिणाम दिसतो तो आकडा) २ नव्हे, सुमारे १.२१ असतो. १.२१ × १.८६ × ०.१ = ०.२२५ अंश (१.८६ हा पाण्याचा गोठणबिंदू स्थिरांक). दोन धन आणि दोन ऋण प्रभारांचे आयन एकमेकांना इतके ओढून धरतात की त्यांच्या बऱ्याच जोड्या पाण्यात जोडीनेच फिरतात, आणि सुटे आयनही एकमेकांच्या प्रभावातून पूर्ण मुक्त नसतात. सोडियम क्लोराइडसाठी हाच आकडा १.८७ आहे. डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये या ओढीचा हिशेब मांडला.

आपण वरच्या सगळ्या उत्तरांत काढली ती आयनांची एकूण संहती. ओआरएस, सलाइन, अनुमापन यांना तीच लागते. इलेक्ट्रोडचे वाचन किंवा विद्राव्यता गुणाकाराचा काटेकोर हिशेब करायचा असेल तर तिला सक्रियता गुणांकाने, म्हणजे या ओढीमुळे आयनांचा परिणाम किती पट उरतो त्या आकड्याने, गुणावे लागते. ०.१ मोलल द्रावणात तो सोडियम क्लोराइडसाठी ०.७८, कॅल्शियम क्लोराइडसाठी ०.५२ आणि मॅग्नेशियम सल्फेटसाठी जेमतेम ०.१५ असतो. प्रयोग ०.०१ मोललवर पुन्हा केलात तर गुणक १.५३ पर्यंत चढलेला दिसेल. मात्र तिथे घसरण ०.०३ अंशांहूनही कमी असते. साध्या थर्मामीटरवर ती दिसणार नाही, प्रयोगशाळेतून बेकमन थर्मामीटर मागून घ्या.